पकड सैल, तर जिवाशी खेळ



गावच्या सुताराच्या मुलाने सीएनसी राउटरला लाकूड गोल फिरवणारा चौथा अक्ष बसवला. सपाट फळ्या कोरणाऱ्या यंत्रावर फावड्याचे दांडेही उतरू लागले. मीच घाईने ओल्या बाभळीचा तुकडा नेऊन दिला. ओले लाकूड चकाच्या पकडीत दबले. दुसऱ्या टोकाचा आधारही नीट आवळलेला नव्हता. तुकडा सुटला आणि पोराच्या कानाजवळून गेला.

धान्य वाळवूनच साठवा, असे तुम्हाला सांगणारा मीच चुकलो! म्हणून सांगतो: लाकूड सुकवा. दोन्ही टोके एका रेषेत घट्ट धरा. यंत्र बंद असतानाच हाताने फिरवून पाहा. डोळ्यांना चष्मा लावा. दांडा पुन्हा होईल, पोराचा डोळा नाही.