उरल्यासुरल्याचं रॉकेट

मॉडेल रॉकेटच्या किटमध्ये काही ना काही उरतंच. फिन काढून घेतल्यावर राहिलेली बाल्साची चौकट, एखादी जास्तीची रिंग, लाँच लगचा, म्हणजे उडवताना दांडीवर सरकणाऱ्या नळीचा, तुकडा. एकदा नाक धडाला जोडणारी शॉक कॉर्ड तुटली आणि रॉकेट गेलं, नाक तेवढं परत आलं. माझी लेक यातलं काहीच टाकू देत नाही. इथे कोलोरॅडोत बर्फ पडून घरात बसायची वेळ आली तेव्हा तिने सगळं जमिनीवर मांडलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, विकत काही आणायचं नाही हं.’’

मोटरचा अपवाद मी आधीच सांगून ठेवला. ती कारखान्यातलीच हवी. १९५०च्या दशकात घरी दारू ठासून रॉकेटं बनवताना इथल्या पोरांनी बोटं गमावली होती. नेब्रास्कातल्या ऑर्विल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने १९५४मध्ये सुटसुटीत बदलती मोटर काढली, आणि पुढे व्हर्न एस्टस यांनी ती यंत्रावर बनवायला घेतली. त्यांचा कारखाना आमच्याच राज्यात, पेनरोजला उभा राहिला.

किट जुळवताना विचार दुसऱ्याने करून ठेवलेला असतो. इथे प्रत्येक तुकडा अडून बसला. नाक ज्या नळीत बसेल तीच नळी घ्यायची, म्हणजे साधारण २५ मिमी व्यासाची. पण मोटर १८ मिमीची, म्हणून आत बारीक नळी आणि रिंगा आल्या. फिन आम्ही उरलेल्या चौकटीतूनच कापले. बाल्साच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायच्या, नाहीतर जमिनीवर आपटताच फिन मोडतो. नळीवर सरळ रेघ मारायला दाराच्या चौकटीची खाच पट्टीपेक्षा बरी. नळी तिच्यात टेकवली की पेन्सिल हलतच नाही. लाकडाचा गोंद लावून तो चिकट होऊ द्यायचा, मग पुन्हा लावून फिन दाबून धरायचा. सांध्यात बोटाने गोंदाची गुळगुळीत कड काढण्यात लेकीचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे.

खरी धाकधूक स्थैर्याची. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. नाहीतर रॉकेट हवेत गिरक्या घेतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक तुकडा तोलून आकडे ओपनरॉकेट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरले. मोटर बसवताच गुरुत्वमध्य मागे सरकला. मग नाकात खेळण्यातली माती ठासली, गुरुत्वमध्याशी दोरी बांधली आणि अंगणात डोक्याभोवती गरगर फिरवून पाहिलं. नाक पुढे राहिलं. शेजारी काय समजले असतील ते असोत.

उडवलं ते बी६-४वर. बी म्हणजे एकूण आवेग ५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, ६ हा सरासरी जोर, आणि ४ म्हणजे जळून झाल्यावर पॅराशूट फेकायच्या आधीचे सेकंद. पॅराशूट घडीत चिकटू नये म्हणून वर टाल्कम पावडर. पाच मीटर लांबून बटण दाबलं. सेकंदभरही जळत नाही ती मोटर, पण रॉकेट सरळ सुटलं आणि मग वाऱ्याकडे कललं. कारण फिन मोठे. दाबमध्य फार मागे गेला की वातकुक्कुटासारखं तोंड वाऱ्याकडे वळतं. पॅराशूट उघडल्यावर त्याच वाऱ्याने ते आमच्याकडे आणून सोडलं, त्यामुळे शोधायला फार पळावं लागलं नाही.

लेकीला आता फिन कापून लहान करायचेत. मी नको म्हणतोय. वाद अजून मिटलेला नाही.