छापखान्याचें शिसें

संस्कृतांत शिशाला ‘नाग’ असेंही एक नांव आहे. पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना मी हा शब्द केवळ कोशांतील एक पर्याय म्हणून सांगत आलों. त्यांतला दंश मनावर ठसला तो माझ्या धाकट्या मुलाच्या एका छंदामुळें.

हा मुलगा बरीच वर्षें अमेरिकेंत आहे. तेथें त्यानें १९०३ च्या नमुन्याची जुनी लष्करी स्प्रिंगफील्ड रायफल घेतली असून तिचीं काडतुसें तो घरींच पुन्हां भरतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून असें करतां येत नाहीं. तिकडे हा पुष्कळांचा फावल्या वेळचा उद्योग आहे.

बार उडाला म्हणजे दारू जळते, बुडाची केप निकामी होते. परंतु पितळी पुंगळी शाबूत राहते. ती साच्यांत दाबून पूर्वींच्या मापास आणावयाची, नवी केप बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि तोंडाशीं गोळी बसवावयाची. दारू ‘ग्रेन’नें तोलतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपला सोनार गुंजेनें तोलीत असे, त्यांतलाच हा प्रकार. एका ग्रॅमचे सुमारें साडेपंधरा ग्रेन होतात. येथें अदमास चालत नाहीं. चुकून एकाच पुंगळींत दोनदां दारू पडली, तर बंदूकच फुटावयाची.

या रायफलीची लष्करी गोळी तांब्याच्या मिश्रधातूनें मढविलेली असे व सेकंदास सुमारें २७०० फूट वेगानें सुटे. उघडें शिसें तेवढ्या वेगानें सोडलें तर तें नळीच्या पेचदार खांचांत माखून बसतें. म्हणून ओतीव गोळीमागें दारू कमी घालावयाची, तिच्या कड्यांत मेण भरावयाचें आणि बुडाशीं तांब्याची इवलीशी वाटी बसवावयाची. काडतूस आणि वंगण म्हटलें कीं आपणांस १८५७ आठवतें. पण मुलगा मधमाशांचें मेण वापरतो. वेग कमी, धक्का कमी, खर्च कमी, आणि जुनी नळीही झिजत नाहीं, असे याचे फायदे तो सांगतो.

निव्वळ शिसें मऊ पडतें. त्यांत कथील व अँटिमनी मिसळावें लागतें. हें मिश्रण मुलाला आयतें मिळालें, तें एका बंद पडलेल्या वृत्तपत्राच्या छापखान्यांतून. लायनोटाइप यंत्राच्या धातूंत शेंकडा ८४ भाग शिसें, १२ भाग अँटिमनी व ४ भाग कथील असतें. अँटिमनीमुळें धातु कठीण होतो व थिजतांना फारसा आकसत नाहीं. साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. अक्षर रेखीव उठावें म्हणून योजिलेला गुण गोळीलाही मानवला!

हें वाचून मी खिन्न झालों. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या ‘निर्णयसागर’ छापखान्याच्या जुन्या प्रतींवर माझी विद्या पोसली. ते खिळेही याच तीन धातूंच्या कुळांतले. ज्यानें काव्यें छापावीं त्यानें निशाण फोडावें, हें मनाला रुचेना. तरी मी कांहीं बोललों नाहीं. मुलगा शिकार करीत नाहीं, कागदी निशाणच मारतो.

परंतु पुढील पत्रांत सात वर्षांचा नातू कढईशेजारीं उभा राहून गंमत पाहतो, असें वाचलें आणि मीं तत्काळ उत्तर लिहिलें. वितळल्या शिशांत पाण्याचा थेंब पडला तरी वाफेच्या जोरानें तें चहूंकडे उडतें. त्याहून वाईट त्याची धूळ. ती हातांवरून, कपड्यांवरून तोंडांत जाते आणि वाढत्या मुलाच्या बुद्धीस कायमचा अपाय करते. रक्तांतील शिशाचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीं लिहिलें, “अक्षरांच्या गोळ्या झाल्या, तें मी सोसलें. पण तेंच शिसें मुलाच्या अंगांत गेलें, तर त्याच्या डोक्यांत अक्षर ठरणार नाहीं.”

मुलानें मानलें. आतां ओतकाम अंगणापलीकडील उघड्या छपरींत चालतें, कपडे निराळे असतात, हात धुतल्यावांचून तो घरांत पाऊल ठेवीत नाहीं, आणि नातवाला तेथें मज्जाव आहे. नातवाचें रक्त तपासावयास दिलें आहे. निकाल अद्याप यावयाचा आहे. तोंवर सूनबाईंप्रमाणें माझाही जीव थाऱ्यावर नाहीं. ज्याच्या घरीं असा छंद असेल त्यानें दारूचा दाणा जितक्या काळजीनें तोलावा, तितक्याच काळजीनें घरांतल्या लहानग्याकडे पाहावें, एवढेंच माझें सांगणें आहे.