गळ्याला हात नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या मंगरुळपीर तालुक्यात गावोगाव कुस्त्या लागायच्या. मोठ्या पैलवानांच्या इनामाच्या कुस्त्या ऊन कलल्यावर. त्याआधी आम्हा पोराइच्या, रेवड्या-नारळावरच्या. लाल माती कुठली आणता? नाल्याची रेती टाकली की झाला आखाडा.

पोरगं उतरलं की वस्तादांचं पहिलं बोलणं ठरलेलं असे, "मानीवर पंजा टाक, पण गया दाबू नोको." यामागं नुसती दया नव्हती. आपली कुस्ती पाठीची आहे. पाठ मातीला लागली की संपली. गळा आवळून पाठ लागत नाही, मग आवळायचा कशाला?

मी नववीत असताना गावाच्या गायरानात दोन पोरं आपसात धरली. वस्ताद नव्हते. वरच्यानं खालच्याचा गळा कोपराच्या बेचक्यात धरला. खालच्याचे पाय आधी झाडत होते, मग थांबले. आम्हाले वाटलं, दम खाते. एका गुराख्यानं धावत येऊन वरच्याला ओढून काढलं. खालचा थोड्या वेळानं उठला, पण आठ दिवस आवाज बसलेला अन् भाकर गिळवत नव्हती. "हाक काऊन नाही मारली बे?" तर म्हणे, "मारतच होतो, तं डोयासमोर अंधारीच आली."

पुढं समजलं, ते खरंच होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा मानीच्या दोन्ही अंगानं जातात. त्या दोन्हीकडून दाबल्या की दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो, अन् फार दुखतही नाही. त्यामुळं सावध व्हायला वेळ भेटत नाही. पायाची कैची छातीला घातली तर दुसरीच तऱ्हा. खालच्यानं श्वास सोडला की कैची तेवढी आवळते, नवा श्वास भरायला जागा उरत नाही. बरगडी मोडते ती वेगळीच. म्हणून गळा आवळणं अन् पाय गुंतवून धडाला कैची मारणं, आंतरराष्ट्रीय कुस्तीतही दोन्ही बंद आहेत.

आता पोरं मोबाइलवर परदेशी झुंजी पाहतात अन् बांधावर तेच डाव लावतात. त्या खेळांत गळ्याची पकड आहे, पण संगं थापही आहे. जुदोत धरलेल्यानं दोनदा थापटलं की पकड सुटलीच पाहिजे, अन् लहान पोरांना तर ती पकडच मना आहे. आपल्या मातीत गळ्याची पकड नाही, म्हणून थापही नाही. पोरांनी पकड तेवढी उचलली, थाप तिकडंच राहिली. वरून आपली शिकवण, मर्दानं हार म्हणू नये. या दोहोंत पोराचा जीव जाऊ शकतो.

नातवाला अन् त्याच्या दोस्ताइले मी सांगून ठेवलं आहे. गळा नाही, छातीला कैची नाही. कोणी थापटलं, की सोडा. कोणी ढिला पडला तर थापेची वाट पाहू नका, आधी सोडा. तोंडात पाणी ओतू नका, मान हलवू नका. शुद्धीवर आला तरी आवाज बदलला, गिळवत नसलं, हाताला मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरचे रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर माझं नाव सांगा.