विचारण्याचा संकोच

वैद्यापुढें आणि गुरूपुढें अधिक बोलूं नये, असें आमच्या घरांत लहानपणापासून शिकविलें गेलें. विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें, आणि अविश्वास दाखविणें म्हणजे असभ्यपणा, अशी ती सरळ मांडणी होती. हें वळण आम्हीं साठी उलटेपर्यंत निष्ठेनें पाळलें. त्याचें मोल आमच्या मातुःश्रींना द्यावें लागणार होतें. तें कसें टळलें, तेंच येथें सांगावयाचें आहे.

मातुःश्रींच्या नाकपुडीशेजारीं वर्षभर एक काळसर, चकचकीत पुळी होती. तिला खपली धरे, ती निघे, थेंबभर रक्त येई आणि पुन्हां खपली धरे. सत्याहत्तराव्या वर्षीं चेहऱ्याकडे कोण पाहतें, म्हणून त्यांनीं ती कोणास सांगितलीहि नाहीं. शेवटीं त्वचारोगतज्ज्ञांनीं तिचा कणभर तुकडा तपासणीस पाठविला. उत्तर आलें : त्वचेचा कर्करोग, परंतु सौम्य जातीचा, दूरवर सहसा न पसरणारा, मात्र तसाच ठेवला तर जागच्या जागीं खोल पोखरीत जाणारा. रुग्णालयांत राहण्याचें कारण नव्हतें. डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यांतच, जागा बधिर करून, तासाभरांत सर्व उरकणार होतें.

ठरल्या दिवशीं आम्ही व धाकटी सूनबाई त्यांना घेऊन गेलों. मधल्या पांच आठवड्यांत तपासणीची जखम इतकी छान भरून आली होती कीं खूणहि दिसूं नये. डॉक्टरांनीं आरसा हातीं देऊन विचारलें, "आजी, जागा कोणती?" मातुःश्रींचा चष्मा काढलेला होता. त्यांनीं गालावरील एका जुन्या डागावर बोट ठेवलें. डॉक्टरांनीं तेथें पेनानें वर्तुळ काढलें आणि सुई भरली.

तोंच सूनबाई आमच्या कानाशीं पुटपुटली, "बाबा, जागा ही नव्हे." आम्हीं काय करावें? डोळे वटारले. "त्यांना कळतें. तूं मध्यें बोलूं नकोस," असें हळूच बजावलें. हें लिहितांना आजहि लाज वाटते. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग आमच्या परवानगीची वाट न पाहतां पुढें झाली. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशीं मोबाइलवर घेतलेलें छायाचित्र तिनें डॉक्टरांपुढें धरलें. पुळी नाकपुडीच्या घडींत होती. वर्तुळ तिच्यापासून दोन बोटें दूर होतें.

डॉक्टरांनीं सुई खालीं ठेवली. छायाचित्र, कागद आणि चेहरा पुन्हां पुन्हां पडताळून पाहिला, पहिलें वर्तुळ पुसलें, दुसरें काढलें. आम्हांस वाटलें, आतां रागावतील. ते म्हणाले, "ताई, आपण बोललांत हें फार बरें झालें. असें छायाचित्र माझ्याच कागदांत असावयास हवें होतें."

चुकीच्या जागीं शस्त्रक्रिया हा केवळ हलगर्जी वैद्याचा दोष, अशी आमची समजूत होती. आतां कळतें कीं त्वचेच्या बाबतींत ती सज्जन आणि कुशल वैद्याच्या हातूनहि घडूं शकते. जखम भरते, खूण पुसते, आणि रुग्णास स्वतःचा चेहरा आरशांत, तोहि उलटा, दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं जी यादी प्रसृत केली, तींत कापण्यापूर्वीं सर्वांनीं थांबून रुग्णाचें नांव, शस्त्रक्रिया व जागा मोठ्यानें उच्चारावी, असें सांगितलें आहे. मोठ्या रुग्णालयांत तेथें चार-पांच माणसें असतात. दवाखान्यांत डॉक्टर आणि एखादी परिचारिका. एकाची नजर चुकली तर दुसरी कोणाची?

लहान शस्त्रक्रियेंत लहानच धोका, हाहि भ्रम होय. जागा बधिर करणारें लिडोकेन १९४८ सालापासून वापरांत आहे व योग्य मात्रेंत फार सुरक्षित आहे. परंतु नुसतें टोंचल्यास मर्यादा दर किलो वजनास सुमारें साडेचार मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीस दोन टक्के द्रावाचे अवघे ११ मिलिलिटर. त्यापुढें ओठ बधिरतात, कानांत घणघणतें, झटके येतात, हृदयहि थांबूं शकतें. केस काढण्यापूर्वीं पायांस बधिर करणारें मलम चोपडून वर वेष्टन गुंडाळणाऱ्या दोन तरुणी अमेरिकेंत दगावल्या, आणि तेथील सरकारी खात्यास २००७ सालीं जाहीर इशारा द्यावा लागला. फ्लोरिडा राज्यानें २००० सालापासून दवाखान्यांतील अशा दुर्घटना कळविणें सक्तीचें केलें. दहा वर्षांत ४६ मृत्यू नोंदले गेले, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिक केवळ सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियांतील होते. आपल्याकडेहि राष्ट्रीय वैद्यक आयोगास २०२२ सालीं सांगावें लागलें कीं केशरोपणासारखी विद्या कार्यशाळेंत बसून किंवा यूट्यूब पाहून येत नसते.

म्हणून आमच्या घरीं आतां कांहीं प्रश्न ठरले आहेत. कापणार कोण, आणि त्यांचें शिक्षण काय? जागेचें छायाचित्र आहे ना? बधिर करणारें औषध किती? अकस्मात् कांहीं झालें तर जवळ औषधें व प्राणवायु आहे काय, आणि रुग्णालयांत कोण नेणार? चालू औषधांची यादी आम्ही सोबत नेतों. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या बुद्धीनें बंद करीत नाहीं. त्वचेचें रक्त दाबून थांबवितां येतें, मेंदूंतील गुठळी थांबवितां येत नाहीं.

मातुःश्रींची जखम भरली. कडा स्वच्छ असल्याचा निर्वाळा आला. टांके निघाले त्या दिवशीं त्या सूनबाईस म्हणाल्या, "अग, मीच चुकीचें दाखविलें, आणि तुझ्या सासऱ्यानें तुलाच गप्प केलें!" त्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. गेल्या महिन्यांत आमच्याच पाठीवरील एक गांठ काढावयाची होती. पाठ आम्हांस दिसत नाहीं. सूनबाईला बरोबर चलण्याविषयीं या वेळीं आम्हींच विनविलें.