अंधारातल्या तिरक्या ओळी

नाटकं बघताना मी ज्या वह्यांत टिपणं काढते, त्यातली कुठलीही उघडली की ती कुठल्या काळातली हे तारीख न बघता कळतं. मार्च 2020 पर्यंतच्या वह्यांतलं अक्षर अंधारात लिहिलेलं आहे. एक ओळ वर चढलेली, दुसरी तिच्या अंगावर कोसळलेली, तिसरी पानाबाहेर गेलेली. नजर रंगमंचावर आणि हात आपल्या अंदाजाने चाललेला. त्यानंतरच्या वहीत ओळी सरळ आहेत. अक्षर वळणदार, प्रत्येक टिपणापुढे मिनिटं आणि सेकंद. त्या सुबक वहीकडे बघून अजून पोटात कालवतं.

दादरला शिवाजी मंदिरात पोचलं की आधी तिकीटखिडकीवरचा प्लॅन बघायचा, किती खुर्च्या गेल्यात ते. मग आत. पहिली घंटा, दुसरी घंटा, पडद्यामागून येणारा उदबत्तीचा वास, नारळ फुटल्याचा आवाज. तिसऱ्या घंटेला बोलणी थांबायची आणि शेकडो माणसं एकदम गप्प व्हायची. ती शांतता ऐकण्यासाठी मी डोंबिवलीहून गाडीला लोंबकळत यायचे असं म्हटलं तरी चालेल.

आम्हाला नाट्यपरीक्षणाच्या कामात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवली गेली: परीक्षण प्रयोगाचं लिहायचं. संहिता घरी वाचता येते. प्रयोग त्या संध्याकाळचा, त्या नाट्यगृहातला, त्या माणसांसमोरचा. गडकरी रंगायतनला ज्या वाक्यावर हशा येतो, तिथे पुण्याच्या बालगंधर्वला नुसती मान डोलते. दुसऱ्या अंकात खुर्च्या करकरायला लागल्या की लेखक कुठे सैल पडलाय हे माझ्याआधी खुर्च्यांना कळलेलं असायचं. मध्यंतरात मी मुद्दाम बटाटेवड्याच्या रांगेत उभी राहायचे. पुढची दोघं बोलत असायची. माझ्या कितीतरी परीक्षणांचं पहिलं वाक्य त्या रांगेत सापडलंय.

मग मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे नाट्यगृहं बंद झाली. शंभरावं नाट्यसंमेलन त्याच महिन्याच्या अखेरीस सांगलीत सुरू व्हायचं होतं, ते पुढे गेलं आणि शेवटी जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडला भरलं. मुंबईत काही दिवस वर्तमानपत्रंही छापली गेली नाहीत. ती परत आली तेव्हा मी सवयीने नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं. ते नव्हतंच. तारीख, वार, वेळ आणि कितवा प्रयोग एवढंच छापणारं ते पान. पण सेट लावणारे, कपडेपट सांभाळणारे, दिवे चढवणारे यांची चूल त्याच पानावर पेटत होती. प्रयोगागणिक पैसे मिळणाऱ्या या माणसांसाठी नाट्य परिषद आणि काही निर्माते-कलावंत पुढे आले, ते फार मोलाचं होतं. पण मदत ती मदत, काम ते काम.

एप्रिलमध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने आपली चित्रित नाटकं दर गुरुवारी यूट्यूबवर फुकट दाखवायला सुरुवात केली. पहिलं होतं 'वन मॅन, टू गव्हनर्स'. प्रेक्षागृहातला हशा त्यात जसाच्या तसा होता. बाहेर रस्ता सुनसान, आणि माझ्या स्वयंपाकघरात काही वर्षांपूर्वीच्या लंडनकरांचं हसणं. मी डोळे मिटून नुसतं ते ऐकत बसले. महिनाअखेरीला 'फ्रँकेन्स्टाइन' आलं. बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर यांनी भूमिकांची अदलाबदल केलेले दोन्ही प्रयोग लागोपाठ बघता आले. एरवी हे माझ्या वाट्याला कधीच आलं नसतं, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

आपल्याकडे हृषीकेश जोशी यांनी जुलैमध्ये 'मोगरा' केलं. कलाकार आपापल्या घरी आणि नाटक थेट, त्याच क्षणी घडणारं. नेटवरचं नाटक, म्हणून त्याला नाव 'नेटक'. इथे प्रयोग होता, आणि जिवावर उदार होऊन केलेला होता. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. रात्री अमेरिकेतल्या मावसबहिणीचा फोन आला. तिनेही तिकडे नाटक पाहिलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी एकाच प्रयोगाबद्दल त्याच दिवशी भांडण्याची ती पहिलीच वेळ.

तरी एक गोष्ट मला सलते. त्याच काळातल्या दुसऱ्या एका ऑनलाइन नाटकात एक नट वाक्याच्या मध्येच थांबला. चेहरा स्थिर, डोळे रोखलेले. चार सेकंद, सहा सेकंद. माझ्या अंगावर काटा आला, मी वहीत दोनदा अधोरेखा मारली. परीक्षण पाठवण्याआधी सहज एका मैत्रिणीला विचारलं. तिच्याकडे तो थांबलाच नव्हता. माझं नेट अडकलं होतं. मी तो परिच्छेद काढला, पण त्या दिवसापासून पडद्यावरच्या कुठल्याही स्तब्धतेवर माझा विश्वास बसेना. आणि नटाच्या थांबण्यावर विश्वास नसेल तर परीक्षण कशाचं लिहायचं?

नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली ती 5 नोव्हेंबर 2020 ला, नेमकी मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या प्रेक्षकांच्या अटीवर. डिसेंबरात प्रयोग सुरू झाले. एकाआड एक खुर्ची रिकामी. हसू मास्कमध्ये अडकून बोथट यायचं. कुणी खोकलं की सगळं नाट्यगृह ताठ व्हायचं आणि नटाचं वाक्य हवेत राहायचं. एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. ऑगस्टमध्ये जयंत पवार गेले. 'अधांतर'चे नाटककार, आणि ज्यांच्या नाट्यपरीक्षणांवर आम्ही वाढलो ते. ते गेले तेव्हा महाराष्ट्रातली सगळी नाट्यगृहं अंधारात होती, हे मला अजून सहन होत नाही. 22 ऑक्टोबर 2021 ला दारं पुन्हा उघडली.

आता प्लॅन भरलेला दिसतो. खोकला पुन्हा नुसता खोकला झालाय. टिपणं फोनवर काढ, असं घरचे सुचवतात, पण त्याचा उजेड शेजारच्यांच्या डोळ्यांत जातो, म्हणून वहीच. गेल्या महिन्यातल्या प्रयोगाचं पान काल उलगडत बसले होते. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, बऱ्याच वेळाने लागल्या. पाचव्या रांगेत बाई रडतायत. नट त्यांच्यासाठी थांबलाय.