तंजावरचा राजवाडा

भुईकोट किल्ल्याच्या सावलींत वाढलेल्या आम्हां सोलापूरकरांस जुन्या तटबुरुजांचें फारसें नवल वाटत नाहीं. तथापि गतवर्षीं पाहिलेला तंजावरचा राजवाडा अद्याप माझ्या मनांतून जात नाहीं. त्याचें कारण वाचकांस निवेदन करावें, एवढाच या लेखाचा हेतु.

हा वाडा मुळांत नायक राजांचा. त्याचें बांधकाम सोळाव्या शतकांत सुरू झालें. इ. स. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं तेथें भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ पर्यंत टिकली. मराठ्यांनीं जुनें मोडून टाकिलें नाहीं, त्यांतच भर घातली. त्यामुळें एकाच आवारांत मंदिराच्या शिखरासारखा उंच मनोरा दिसतो आणि मराठ्यांचा दरबारही दिसतो. दरबाराचे खांब जाडजूड असून कमानींवर चुनेगच्चींत घडविलेल्या देवतामूर्ति रंगविलेल्या आहेत.

परंतु या वाड्याचें खरें वैभव म्हणजे सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीं तो विशेष वाढविला. १८२० मध्यें ते काशीयात्रेस निघाले, तेव्हां तेथूनही त्यांनीं हस्तलिखितें आणविलीं. १९१८ पासून हा संग्रह सर्वांस खुला आहे. त्यांत संस्कृत ग्रंथ सर्वाधिक. शिवाय तमिळ, तेलुगु व मराठी ग्रंथ, आणि दरबारचें मोडी दप्तर.

तेथें एक देवनागरी पोथी मांडलेली होती. तिच्यांतील श्लोक मीं घडाघडा वाचले. शेजारीं उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ प्रसन्न झाले. ते तंजावरचेच, घरांत अद्याप मराठी बोलतात. एका मोडी कागदाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “गुरुजी, आपण तर महाराष्ट्रांतले. यांत काय लिहिलें आहे, तेवढें सांगा.”

पस्तीस वर्षें मराठी शिकविलेला मी! मला एक अक्षर लागेना. आमच्या पिढीपूर्वींच मोडी शाळेंतून गेली होती, हें खरें; पण ती शिकण्यास मला कोणीं मनाई केली नव्हती. “मला मोडी येत नाहीं,” असें मीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत, नुसते हंसले. तें हंसणें मला फार लागलें.

घरीं परतल्यावर आजोबांची पेटी उघडिली. तिच्यांतील मोडी कागदांचें बासन माझ्या वडिलांनीं जपिलें होतें. मीं केवळ धूळ झटकीत आलों होतों. साठी उलटल्यावर मुळाक्षरें गिरविण्यास बसलों. चार महिन्यांनीं पहिला कागद लागला. ती वीस मण ज्वारीची पावती निघाली. खालीं आजोबांची सही होती.

तंजावरास जाण्याचा योग आल्यास वाचकांनीं मनोरा व दरबार अवश्य पाहावा. मात्र निघण्यापूर्वीं आपल्या माळ्यावरचें बासन एकदां सोडून पाहावें, इतकीच विनंती.