विसरण्याचे माप

माणूस किती विसरतो हे मोजून पाहावे, ही कल्पनाच मुळी थोडी विक्षिप्त. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाला ती सुचली आणि १८७९ साली त्याने स्वतःवरच प्रयोग आरंभले. अर्थ असला की स्मरणाला आधार मिळतो. तो आधारच त्याला नको होता. म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून त्याने सुमारे २३०० निरर्थक शब्द बनवले. घड्याळाच्या ठोक्यावर ते घोकायचे, काही काळाने पुन्हा घोकायचे, आणि दुसऱ्या खेपेला श्रम किती वाचले ते टिपायचे! १८८५ साली त्याचे पुस्तक निघाले. तासाभरात निम्म्याहून अधिक पाठांतर ओसरते. पुढे ओहोटी मंदावते आणि महिन्यानंतरही पाचवा हिस्सा उरतो.

नशिराबादला आमच्याकडे माझी म्हातारी आत्या असते. तिच्यापुढे मी असले चारपाच शब्द म्हणून पाहिले. ती म्हणाली, "याले काही अर्थ हाये का रे भाऊ?"

मी तिचा भाचा, हे तिला हल्ली उमगत नाही. सकाळचा चहा दुपारी आठवत नाही. पण जात्यावरच्या ओव्या ती एकामागून एक म्हणते, आणि भावाचे नाव यायचे तिथे माझ्या वडिलांचे नाव बिनचूक येते.

एबिंगहाउस जर्मनीत घोकत होता तेव्हाच, १८८० साली, आमच्याच तालुक्यातल्या आसोद्याला बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. जी टिपली गेली नाहीत, ती गेलीच.

अर्थाची किंमत त्या जर्मन पंडिताला ठाऊक नव्हती असे नाही. बायरनची कविता त्याला निरर्थक शब्दांच्या मानाने दहाव्या हिश्श्याच्या श्रमात पाठ झाली. पण अर्थाच्या वाटेला खरे गेले ते केंब्रिजचे बार्टलेट, १९३२ साली. परक्या मुलखातली गोष्ट त्यांनी लोकांना वाचायला देऊन पुन्हापुन्हा सांगायला लावली, तर दर वेळी ती सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगाकडे सरकत गेली. मला हे अधिक पटते.

दसऱ्यापासून मी वही घेऊन आत्याजवळ बसतो. परवा एका ओवीत भाऊ भुसावळच्या वाटेने आला. काल त्याच ओवीत तो आसोद्याहून आला. मी दोन्ही उतरून घेतल्या आहेत.